तुमचे प्रश्न: फायरवॉलचं लॉगिनच चुकवून कोणी आत आलं तर?

डिसेंबर २०२५ मध्ये आणि मग लगेच जानेवारी २०२६ मध्ये फोर्टिनेट कंपनीच्या फायरवॉलमध्ये (ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणारा बॉक्स) सिंगल साइन-ऑनच्या (एसएसओ, म्हणजे एका ठिकाणी ओळख पटवून दुसऱ्या यंत्रात शिरायची सोय) लॉगिनमधल्या दोन गंभीर चुका जाहीर झाल्या. पासवर्ड माहीत नसताना बाहेरचा माणूस थेट ॲडमिन बनून आत जात होता. त्यावर खूप पत्रं आलीत आणि बरीचशी खरंच घाबरून लिहिलेली आहेत, म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांनी नाव छापू नका म्हटलंय, तेव्हा फक्त गाव आणि काम दिलंय.

प्रश्न (सांगली, पतसंस्थेत आयटी बघणारे): ताई, आमच्या मुख्य शाखेत फोर्टिगेट, म्हणजे फोर्टिनेटचा फायरवॉल आहे, सहा शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरूनच्या खाजगी जोडणीने) त्यालाच जोडल्यात. आम्ही एसएसओ बिसएसओ कधी वापरलं नाही, साधं युजरनेम पासवर्ड टाकून लॉगिन करतो. मग आम्हाला काही धोका नाही ना?

उत्तर: दादा, आहे, आणि तुमच्यासारखेच लोक यात जास्त सापडलेत म्हणून तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं.

काय होतं बघा. बॉक्स कारखान्यातून येतो तेव्हा फोर्टिक्लाउड एसएसओचं, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन खात्यावरून आत यायचं, लॉगिन बंदच असतं, हे खरं. पण बॉक्स आल्यावर पहिलं काम आपण काय करतो, तर वॉरंटी आणि सपोर्टसाठी तो फोर्टिकेअर या कंपनीच्या सपोर्ट सेवेवर रजिस्टर करतो, आणि बहुतेक जण ते बॉक्सच्याच वेब स्क्रीनवरून करतात. त्या रजिस्ट्रेशनच्या पानावर एक बटण असतं, 'फोर्टिक्लाउड एसएसओ वापरून ॲडमिन लॉगिन करू द्यावं' अशा अर्थाचं. ते तुम्ही मुद्दाम बंद केलं नाही तर रजिस्टर होताहोताच चालू होऊन जातं. तुम्ही पुढे वर्षानुवर्षं पासवर्डनेच आत जाता, त्या बटणाकडे कोणी बघत नाही, आणि दुसरं दार मात्र उघडं राहिलेलं असतं. तुमचा बॉक्स तुम्ही स्वतः लावला का एएमसीवाल्याने (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याने) लावला ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण एएमसीवाल्याने लावला असेल तर बटण चालू असण्याचीच शक्यता मी धरेन, कारण त्याला त्या दिवशी अजून चार ठिकाणी जायचं असतं.

आत्ता हे वाचताय तर उठून बघूनच या. सिस्टीममध्ये सेटिंग्ज उघडा, तिथे फोर्टिक्लाउड एसएसओने ॲडमिन लॉगिनची परवानगी असं लिहिलेलं बटण दिसेल, ते ऑफ करा. तुम्ही ते वापरतच नाही म्हणता, मग बंद केल्याने तुमचं काहीच अडणार नाही. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे बॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर, फोर्टिगेटमध्ये त्याचं नाव फोर्टिओएस. पहिल्या चुकीसाठी फोर्टिओएसच्या ७.६ वाल्यांना ७.६.४, ७.४ वाल्यांना ७.४.९, ७.२ ला ७.२.१२ आणि ७.० ला ७.०.१८ हे दुरुस्त व्हर्जन आलं होतं, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण जानेवारीतल्या दुसऱ्या चुकीसाठी त्याच्याही पुढे जावं लागतं, ते खाली नाशिकच्या उत्तरात आहे. ६.४ वर पहिल्या चुकीचा परिणाम नव्हता, पण म्हणून ६.४ वर बसून राहू नका, ते फार जुनं झालंय.

शॅडोसर्व्हर नावाची संस्था इंटरनेटवर उघडी दिसणारी यंत्रं मोजत असते, त्यांना डिसेंबरमध्ये फोर्टिक्लाउड एसएसओ चालू असलेले २५,००० हून जास्त पत्ते दिसले आणि त्यातले जवळपास २,००० भारतातले होते. त्यात पतसंस्था किती, शाळा किती, दवाखाने किती हे त्या आकड्यावरून कळत नाही, पण ही यंत्रं आपल्याकडे कुठे कुठे बसवलेली आहेत हे मी रोज बघते, म्हणून मला तो आकडा फार जवळचा वाटला.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी): बातमीत 'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचरची अयोग्य पडताळणी' असं वाचलं. म्हणजे नक्की काय चुकलं? सही मोडली का कोणी?

उत्तर: नाही गं, सही कोणी मोडली नाही, सही नीट तपासलीच गेली नाही. दोन्हींत फार फरक आहे आणि तुझा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे.

डिजिटल सहीचा सातबारा बघितलायस ना? त्यावर क्यूआर कोड असतो आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो कागद घेऊन शेतकरी बँकेत गेला, तर क्लार्कने काय करायला पाहिजे, तो क्रमांक महाभूमीच्या साइटवर टाकायचा, तिथे येणारा उतारा आणि हातातला कागद जुळतो का बघायचं. आता समज क्लार्कने कागदावर क्यूआर छापलेला दिसतोय, खाली सहीचा चौकोन दिसतोय, एवढंच बघून शिक्का मारला. मग कोणीही घरच्या प्रिंटरवर स्वतःच्या नावाचा सातबारा काढून आणेल. सहीचं गणित जराही कच्चं नव्हतं, ते तपासायच्या टेबलावर काम झालं नाही.

सिंगल साइन-ऑनमध्ये हेच होतं. तू ज्या यंत्रात शिरणार ते यंत्र तुझा पासवर्ड बघतच नाही. ते तुला ओळख पटवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतं, तो तुझी ओळख पटवतो आणि एक चिठ्ठी देतो, 'ही अमुक, हिला आत घ्या', खाली त्याची सही. ही चिठ्ठी ज्या भाषेत लिहितात तिचं नाव सॅमल, तिचं २.० व्हर्जन २००५ सालचं, आणि ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांच्या चौकटीत मजकूर लिहायच्या पद्धतीत, असते. जाहीर झालेल्या प्रत्येक चुकीला सीव्हीई नावाचा एक नंबर मिळतो. सीव्हीई-२०२५-५९७१८ आणि ५९७१९ या दोन नोंदींमध्ये हे झालं की हल्लेखोराने स्वतः बनवलेली सॅमल चिठ्ठी पाठवली आणि यंत्राने ती खरी धरली. पहिली नोंद फोर्टिओएस आणि याच कंपनीच्या फोर्टिप्रॉक्सी आणि फोर्टिस्विचमॅनेजरची, दुसरी फोर्टिवेबची, मूळ दुखणं एकच.

आणि हे एकाच कंपनीचं आहे असं समजू नकोस. जून २०२० मध्ये पालो आल्टो या दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये सीव्हीई-२०२०-२०२१ आली होती, तिला गंभीरतेचे १० पैकी १० गुण होते, तिथेही सॅमलचीच सही नीट तपासली जात नव्हती, ओळख देणाऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायची टिक काढलेली असली की. त्याच्याही आधी २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी सॅमल वापरणारी १४ सॉफ्टवेअर तपासली होती, त्यातली ११ फसली. कारण असं की एक्सएमएलमध्ये सही चिठ्ठीच्या एका तुकड्यावर असू शकते, आणि सही तपासणारा कोड एक तुकडा बघतो आणि नाव वाचणारा कोड दुसराच तुकडा वाचतो, असं घडवून आणता येतं. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर हा घे, मनापासून सांगते, यात शिकायला भरपूर आहे आणि आपल्याकडे यावर काम करणारी मुलं कमी आहेत.

प्रश्न (नाशिक, कारखान्याचा नेटवर्क ॲडमिन): आम्ही डिसेंबरमध्येच रात्री थांबून अपग्रेड केलं होतं. जानेवारीत परत ऐकलं की पॅच केलेले (दुरुस्त व्हर्जन टाकलेले) बॉक्सही फुटले. मग आमची मेहनत वाया गेली का? पॅच खोटा होता का?

उत्तर: वाया नाही गेली. तुम्ही ज्या दारासाठी जागलात ते दार बंद झालं, पण शेजारी अजून एक दार निघालं.

तारखा लावून बघा. ९ डिसेंबरला कंपनीने पहिल्या चुका जाहीर केल्या. १२ डिसेंबरपासून, म्हणजे तीन दिवसांतच, आर्क्टिक वुल्फ या सायबर सुरक्षा कंपनीला प्रत्यक्ष घुसखोऱ्या दिसायला लागल्या. १६ ला अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने ती चूक आपल्या 'वापरली जात असलेल्या' यादीत टाकली आणि तिथल्या सरकारी खात्यांना २३ डिसेंबरपर्यंतची मुदत दिली. एवढं होऊन लोकांनी जरा श्वास घेतला आणि मग १५ जानेवारीपासून नवी लाट आली. आपल्याकडे त्या दिवशी २९ महापालिकांचं मतदान होतं, ऑफिसं बंद. हल्ला आपल्याकडे बघून झाला असं मी अजिबात म्हणत नाही, जगभर झाला, पण त्या दिवशी फायरवॉलचा लॉग (कोण कधी आत आलं, काय केलं याची नोंद) बघायला आपल्यातलं कोण बसलं होतं हे मात्र ज्याने त्याने आठवून बघा.

या दुसऱ्या चुकीचा नंबर सीव्हीई-२०२६-२४८५८, २७ जानेवारीला जाहीर झाली. यात चिठ्ठी खोटी नव्हतीच. बँकेत लॉकर असतात ना, तुमचाही एक आहे, तुमची किल्ली खरी, रजिस्टरमध्ये तुमची सही खरी, पण तीच किल्ली शेजारच्याच्या लॉकरला पण लागते, असं. हल्लेखोराने स्वतःचं फोर्टिक्लाउड खातं उघडलं, स्वतःचा एक बॉक्स त्यावर रजिस्टर केला आणि त्या जोरावर दुसऱ्यांच्या खात्यावर असलेल्या बॉक्समध्ये शिरला, अट एकच, समोरच्याने तो एसएसओ चालू ठेवलेला पाहिजे. त्यामुळे पहिला पॅच मारलेले बॉक्सही यात गेले.

कंपनीने २२ जानेवारीला हल्ल्यातली दोन खाती बंद केली, २६ ला आपल्या बाजूने फोर्टिक्लाउड एसएसओच सगळ्यांसाठी बंद केलं आणि २७ ला परत चालू करताना जुनं कच्चं व्हर्जन असलेल्या बॉक्सना त्यातून लॉगिन मिळणार नाही अशी सोय केली. म्हणजे आज कच्चं व्हर्जन असलं तरी त्या वाटेने कोणी येऊ नये. तरी अपग्रेड कराच, ७.४ वाल्यांसाठी ७.४.११ पासून पुढे, आणि या वेळी फोर्टिमॅनेजर आणि फोर्टिॲनालायझर (अनेक बॉक्स एका जागेवरून सांभाळायचं आणि त्यांचे लॉग गोळा करायचं यंत्र) पण यादीत आहेत, ते विसरले जातात.

डिसेंबरमध्ये पॅच मारताना ज्यांनी ते बटणही बंद केलं त्यांना जानेवारीत काहीच झालं नाही. म्हणून मी सांगलीच्या दादांना आधी बटण सांगितलं आणि मग फर्मवेअर.

प्रश्न (इचलकरंजी, यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसातून): आमच्या फायरवॉलमध्ये ॲडमिनच्या यादीत 'बॅकअप' नावाचा एक युजर दिसला, आम्ही केलेला नाही. व्हेंडरला फोन केला, तो म्हणाला डिलीट करा, फर्मवेअर टाका, विषय संपला. खरंच संपला का?

उत्तर: नाही हो, विषय तिथून सुरू होतो. तुम्ही ती यादी उघडून बघितलीत हेच फार मोठं काम केलंत, बहुतेक ठिकाणी कोणी ती वर्षभर उघडत नाही.

तुम्ही कुठल्या कंपनीचा बॉक्स ते लिहिलं नाही, म्हणून सगळ्यांना लागू पडेल असं सांगते. जानेवारीतल्या हल्ल्यात आत शिरल्यावर जी खाती बनवली गेली त्यांची नावं बघा, बॅकअप, सपोर्ट, ऑडिट, आयटीॲडमिन, सेकॲडमिन, रिमोटॲडमिन. मुद्दाम अशी की बघणाऱ्याला वाटावं व्हेंडरने केलं असेल, आणि व्हेंडरला वाटावं ऑफिसवाल्यांनी केलं असेल. आणि अशी खाती पासवर्डची असतात, त्यांना एसएसओची गरजच नाही. म्हणजे पॅच मारलात, एसएसओ बंद केलंत, तरी तो माणूस पुढच्या महिन्यात स्वतःचा पासवर्ड टाकून निवांत आत येतो.

पहिलं म्हणजे अजून डिलीट केलं नसेल आणि अपग्रेड केलं नसेल तर थांबा, आधी लॉग बाहेर काढा. याचं कारण सांगते, हे कोणी सांगत नाही. छोट्या बॉक्समध्ये डिस्क नसते. फोर्टिगेटचंच उदाहरण घ्या, ६०एफ मध्ये डिस्क नाही, ६१एफ मध्ये आहे. डिस्क नसलेल्या बॉक्सचे लॉग मेमरीत असतात आणि फर्मवेअर टाकलं की बॉक्स रीबूट होतो, रीबूट झाला की ते लॉग गेले. म्हणजे घाईघाईने केलेल्या दुरुस्तीतच पुरावा पुसला जातो. सिस्टीम इव्हेंटचा लॉग डाउनलोड करा, सध्याच्या कॉन्फिगची, म्हणजे सगळ्या सेटिंग्जच्या फाइलची, एक कॉपी काढा, ॲडमिनच्या यादीचा फोटो काढला तरी चालेल, आणि मग हात लावा. लॉग फुकटच्या क्लाउड खात्यावर जात असतील तर तेही लगेच उतरवा, फोर्टिगेट क्लाउडच्या फुकट खात्यावर ते सातच दिवस राहतात.

आता त्या लॉगमध्ये काय शोधायचं. ॲडमिन लॉगिनची ओळ, तिच्यात मेथडपुढे एसएसओ लिहिलेलं आणि आयपी तुमच्या ओळखीचा नाही. त्याच्या लगेच खाली, कधी कधी काही सेकंदांच्याच फरकाने, दुसरी ओळ असते, 'सिस्टीम कॉन्फिग फाइल डाउनलोड केली गेली'. या दोन ओळी एकाखाली एक दिसल्या की समजा तुमच्या फायरवॉलची अख्खी वही गेली. माणूस एवढ्या पटपट क्लिक करत नाही, ती स्क्रिप्ट असते, ती येते, वही उचलते, खातं बनवते आणि जाते.

त्या वहीत काय काय असतं याचा विचार करा. ॲडमिनचे पासवर्ड हॅश करून, म्हणजे थेट उलटं वाचता येणार नाहीत असे, ठेवलेले असतात, पण 'कंपनीचं नाव आणि १२३' असला पासवर्ड असेल तर तो हॅश फोडायला फार वेळ लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे शाखांच्या व्हीपीएनची प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना ठेवलेला गुप्त शब्द), ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (ऑफिसातल्या सगळ्या युजरची यादी ठेवणारा सर्व्हर) जोडायचा एलडॅपचा पासवर्ड, या गोष्टी फायरवॉलला स्वतःला वापरायला लागतात, त्यामुळे त्या परत उलगडता येतील अशाच साठवलेल्या असतात. शिवाय आतला नकाशा, कुठला सर्व्हर कुठल्या पत्त्यावर, टॅलीचा कुठला, सीसीटीव्हीचा कुठला.

म्हणून खातं डिलीट करून भागत नाही. या घुसखोरीच्या आधीचं, नक्की स्वच्छ असलेलं कॉन्फिग असेल तर ते परत चढवा, नसेल तर एकेक पॉलिसी वाचून काढा, विशेषतः नवीन व्हीपीएन युजर कोणी घातलाय का. सगळ्या ॲडमिनचे पासवर्ड बदला, प्रत्येक शाखेची की बदला, एलडॅपचं खातं बदला, आणि ते एलडॅपचं खातं कोणी सोयीसाठी डोमेन ॲडमिन (सगळ्या सर्व्हरवर पूर्ण अधिकार असलेलं खातं) करून ठेवलं असेल तर तुमच्या सर्व्हरवर पण बघावं लागेल. दोन दिवस जातील, पण करा.

आणि कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. कारखाना छोटा आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. व्हेंडर 'विषय संपला' म्हणतो तेव्हा त्याला लेखी विचारा की लॉग बघितले का, कॉन्फिग गेलं का, आणि उत्तर ईमेलवर मागा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, कॉलेजचे लॅब असिस्टंट): आमच्याकडे ॲडमिनला ओटीपी लावलेला आहे. तरी असा हल्ला होऊ शकतो?

उत्तर: हो. ओटीपी विचारायचं काम ओळख पटवणाऱ्या सर्व्हरचं किंवा लॉगिनच्या पानाचं असतं. चिठ्ठीच बनावट असेल तर हल्लेखोर त्या पानावर कधी येतच नाही. ओटीपी काढू नका मात्र, पासवर्ड चोरीला गेला तर तोच वाचवतो, आणि वर सांगितलेल्या प्रकारात पासवर्ड बाहेर जातातच.

प्रश्न (ठाणे, गृहिणी): मुलगा म्हणतो आपल्या घरच्या वायफायला पण हे होऊ शकतं, खरं का?

उत्तर: ताई, ही ठरावीक चूक ऑफिसमधल्या मोठ्या यंत्रांची आहे, घरच्या राउटरची नाही. मुलाला एवढंच सांगा की राउटरच्या सेटिंगमध्ये रिमोट मॅनेजमेंट बंद आहे का ते बघ आणि आलेला मूळ पासवर्ड बदल.

प्रश्न (नागपूर, हॉस्पिटलचा एकटाच आयटीवाला): सगळे म्हणतात फायरवॉलचं लॉगिनचं पान इंटरनेटवरून बंद करा. पण ताई, मी एकटा आहे. रात्री दोनला नेट गेलं की मला घरूनच बघावं लागतं. बंद केलं तर मी काय करू?

उत्तर: तुमची अडचण खरी आहे आणि ज्यांच्याकडे दहा जणांची टीम असते ते ही गोष्ट फार सहज बोलून जातात. तरीही बंद कराच, कारण ते पान बाहेरून दिसत नव्हतं त्यांच्यापर्यंत या दोन्ही वेळेला इंटरनेटवरून कोणाला पोचताच आलं नाही, चूक बॉक्समध्ये असूनसुद्धा. पुढच्या वर्षी तिसरी चूक निघाली तरी हेच कामाला येईल.

तुमच्यासाठी वाट अशी. घरून आधी व्हीपीएन जोडायचं आणि मग आतल्या पत्त्यावरून फायरवॉलचं पान उघडायचं. फोर्टिगेट असेल तर एक लक्षात ठेवा, ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोड काढून टाकलाय, तेव्हा अपग्रेडच्या आधी आयपीसेक या दुसऱ्या प्रकारचा व्हीपीएन लावून, घरून जोडून बघून ठेवा, नाहीतर अपग्रेडच्या रात्रीच तुम्ही बाहेर अडकाल. व्हीपीएनच पडला तर काय, यासाठी मी तरी एक सिमवाला छोटा राउटर वेगळा ठेवते, तो आतल्या मॅनेजमेंट पोर्टला लावलेला, त्याला बाहेरून येणारी वाट नाही, तोच आतून माझ्या व्हीपीएनला जोडून बसतो. महिन्याला एका रिचार्जचा खर्च आहे, हॉस्पिटलने द्यायला हरकत नसावी, मागा.

हे जमेपर्यंत निदान ठरावीक आयपीवरूनच पान उघडेल असं करा. त्यात एक गोम आहे. ट्रस्टेड होस्ट, म्हणजे कुठल्या पत्त्यावरून लॉगिन चालेल याची सेटिंग, हे प्रत्येक ॲडमिन खात्याला वेगवेगळं लावावं लागतं, चार खात्यांना लावलं आणि पाचवं विसरलं की पान सगळ्या जगाला दिसतं. शिवाय एसएसओने येणारा ॲडमिन तुमच्या त्या चार खात्यांपैकी कोणीच नसतो. म्हणून त्याच्यापेक्षा लोकल-इन पॉलिसी लावा, ती खातं कुठलं ते बघत नाही, बॉक्सच्या दारातच पत्ता तपासते.

लावून झालं की मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर ब्राउझर उघडा आणि हॉस्पिटलचा पब्लिक आयपी टाका, ज्या पोर्टवर लॉगिन ठेवलं असेल तो पोर्टही टाकून बघा. पान नुसतं फिरत राहिलं आणि शेवटी उघडलंच नाही, तर झालं काम. लॉगिनचा चौकोन दिसला तर काहीतरी राहिलंय, मला परत लिहा, सोबत व्हर्जन आणि मॉडेल कळवा, पब्लिक आयपी मात्र पत्रात लिहू नका.